जुना, पण न झिजलेला

बिरूआप्पांना जुना इराणी गालिचा हवा होता. मोठा, हॉलच्या चारही भिंतींना टेकेल एवढा. वय शंभरच्या पुढे असेल तर उत्तम. फक्त तो कुठेही झिजलेला नसावा. या एका अटीपायी त्यांनी कित्येक वर्षं घालवली, पुण्यातल्या व्यापाऱ्यांना हात टेकायला लावले, मुलाला रडकुंडीला आणलं आणि माझे बरेच रविवार खाल्ले.

शिरूर तालुक्यात कुणी गालिचा शोधत फिरत नाही. त्यामुळे आप्पांचा शोध सुरुवातीला चेष्टेचा विषय झाला आणि पुढे सवयीचा. कवठे येमाईच्या बाजारात पाहुणे भेटले की "घावला का गालिचा?" असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जात. आप्पा त्यांच्या पाठीला उत्तर देत, "बघू की. घाई हाय का?"

हे त्यांचं पालुपद होतं. एसटी सुटायला आली, लग्नाच्या अक्षता पडायची वेळ झाली, डॉक्टरांनी तपासणीला लगेच या म्हणून सांगितलं, तरी आप्पांचं म्हणणं तेच. घाईने घेतलेल्या वस्तूत खोट निघतेच, असा त्यांचा अनुभव होता. मेंढरं विकत घेताना तो खराही असेल.

आप्पांचं घराणं मेंढपाळांचं. वडिलांच्या मागे दोघे भाऊ भीमेच्या काठाकाठाने मेंढरं घेऊन फिरले. धाकटे बिरूआप्पा निमोण्याला स्थिरावले, शेती केली. मुलगा संदीप औद्योगिक वसाहतीत कँटीनची कंत्राटं घेऊ लागला, आणि रस्त्याकडेला बंगला उभा राहिला. थोरले धुळादादा मात्र दौंडच्या अलीकडे, नदीकाठच्या आपल्या छपरातच राहिले. त्यांच्याकडे अजून थोडी मेंढरं आहेत.

माझी आणि आप्पांची ओळख कालव्याच्या आवर्तनाच्या बातमीमुळे झाली. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बातमी छापून आली त्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुम्ही 'धनगर वस्ती' छापलंय. वस्तीला नाव हाय. पाटी बी लावलीया." मी दुरुस्ती छापली. तेवढ्यावरून त्यांनी मला खात्रीचा माणूस ठरवलं. पेपरवाला म्हणजे पुण्यातली सगळी दुकानं माहीत असलेला माणूस, हा पुढचा निष्कर्षही त्यांनीच काढला. संध्याकाळी बातम्या पाठवायच्या ऐन वेळेला फोन वाजायचा. "पेपरवाले, निघाला का कुठं?"

बंगल्यातल्या सोफ्याचा आप्पांनी टेकायला वापर केला, बसायला कधीच नाही. ते खाली बसून त्याला पाठ लावत. गळ्यात पांढरा टॉवेल, डोक्यावर टोपी आणि मांडीखाली घडी घातलेलं घोंगडं. फरशीला त्यांचा कुठलाही अवयव टेकत नसे. "पोरानं बरफ अंथरलाय," ते आल्यागेल्याला सांगत. संदीपने ती फरशी मोठ्या हौसेने निवडली होती. पांढरी, आरशासारखी. त्यात पंखा फिरताना दिसायचा.

गालिच्याचं मूळ या फरशीत होतं. वास्तुशांतीच्या दिवशी मी तिथे होतो. सकाळपासून पाहुण्यांच्या ओल्या पायांनी हॉल निसरडा झाला होता. धुळादादा पाय धुऊन आत आले. देवघर हॉलच्या दुसऱ्या टोकाला. देवांना हळद-कुंकू वाहायचा पहिला मान थोरल्याचा, म्हणून सगळे वाट बघत उभे होते. दादा हॉलच्या मध्यावर आले, आणि दोन्ही पाय एकदम पुढे गेले. ते पाठीवर पडले. टोपी घरंगळत देवघरापर्यंत गेली.

लोक हसले. सगळ्यांत आधी आप्पा हसले.

दादा कुणाचा हात न घेता उठले. धोतर झटकलं, टोपी मागून घेतली. "बिरू, तुझ्या घरात माझा पाय ठरत न्हाई," एवढं म्हणाले आणि पोर्चमध्ये जाऊन बसले. जेवले तिथेच. त्यानंतर ते त्या घरात आले नाहीत.

भांडण नव्हतं. हे आप्पा प्रत्येकाला बजावून सांगत. दोघांचं बोलणं होतं, येणंजाणं होतं, पण एका बाजूने. चंपाषष्ठीला देवाची तळी उचलायची असते. भंडाऱ्याचं ताट मध्ये ठेवून पुरुषमाणसं भोवती बसतात आणि येळकोट करत ते उचलतात. पहिला हात थोरल्याचा. घराण्याचे देव आप्पांच्या हॉलमध्ये आणि थोरला दौंडला, म्हणून दर चंपाषष्ठीला आप्पा न्हावऱ्यावरून दौंडला जात आणि दादांच्या छपरात बसून तळी उचलून येत. घरच्या देवांपुढे ताट तसंच राही. "द्येव हितं आन् तळी तितं," ते म्हणत. "द्येवाला बी कोड्यात टाकलंय."

संदीपने उपाय सुचवले. रबरी चटई टाकू. फरशीला खरखरीत लेप मिळतो, तो लावू. आप्पांनी सगळे मोडीत काढले. दादाला रबरावरनं देवाकडे न्यायचं नाही. दादाला गालिचाच पाहिजे, आणि तो दौंडच्या बंगल्यातल्यासारखा.

ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की आप्पा कुठे थांबून चहाचा घोट घेणार, तेही मला ठाऊक होतं. दोघे भाऊ लहान असताना वडिलांनी दौंडच्या एका बड्या रेल्वे अधिकाऱ्याच्या बागेत मेंढरं बसवली होती. खतासाठी अशी मेंढरं बसवतात, बदल्यात धान्य मिळतं. धान्य घ्यायला पोरं मागच्या दाराशी गेली. दार उघडं होतं. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा होता. धुळादादाने उंबऱ्यावरून एक पाय त्यावर ठेवला. खानसाम्याने कान धरून त्याला बाहेर काढला. परत येताना दादा म्हणाला, पाय गवतात गेल्यागत झाला. घोटा दिसंना.

"तांबडा हुता," आप्पा म्हणायचे. "दादा म्हणतो निळा. त्याचा कान धरलावता, त्याला काय दिसतंय?"

मी त्यांना पुण्यात कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात घेऊन गेलो. मालक सभ्य होता. त्याने दोन माणसं लावून एक भलामोठा गालिचा उलगडला. मला कळण्याचं कारण नाही, पण दुकान शांत झालं होतं. आप्पा गुडघ्यांवर बसले. मेंढीच्या अंगावर गोचीड बघतात तशी बोटांनी लोकर दुभंगत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेले. मध्यावर थांबले.

"हितनं मानसं चाललीत."

"आजोबा, शंभर वर्षांचा माल आहे," मालक म्हणाला. "माणसं चालणारच."

"चालूंद्या की. माझी ना न्हाई. पर त्येंच्या पायाखालचं माझ्या दादाला कशाला?"

"मग नवा घ्या. असाच विणून मिळतो."

"नवा नगं. जुनाच पायजे."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

नंतर त्याने न झिजलेलेही दाखवले. एकाची एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर आखूड निघाली. आप्पांनी स्वतःच्या वितीने मोजलं होतं. एकाच्या कोपऱ्यात रफू होतं. एकात कसर होती, म्हणजे लोकर खाणारी अळी. ती दिसत नव्हती, पण आप्पांना वास आला. एका गालिच्यात त्यांना खोट सापडेना, तेव्हा ते बराच वेळ त्यावर बसून राहिले आणि म्हणाले, "ह्यात कायतरी हाय. आज घावंना." शिरूरपर्यंतच्या प्रवासात मी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. वाघोलीच्या पुढे म्हणाले, "पेपरवाले, तुमी लई घाईचं मानूस."

पुढे संदीपचा धीर सुटला. त्याने परस्पर एका दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन केला आणि टेम्पोतून गालिचा घरी मागवला. रंग विटका, झालर पिवळसर, हुबेहूब जुना. आप्पांनी कोपरा ओला करून नाकाला लावला. मग सुनेला हाक मारली. वैशालीनेही वास घेतला.

"चहा आहे, आप्पा," ती म्हणाली. "उकळून घातलाय."

"बघ. नव्याला चहा पाजून म्हातारा केलाय." आप्पा संदीपकडे वळले. "तुला कवा कळनार रं?"

"मला एवढंच कळतं," संदीप म्हणाला, "की दादा दिवसेंदिवस वाकत चाललेत, आणि तुम्ही इथे वास घेत बसलाय."

वैशालीने गालिचा गुंडाळायला घेतला. "दूध-साखर घातली असती तर ठेवला असता," ती पुटपुटली, आणि तिघेही हसले. पण संदीपचं वाक्य तिथेच राहिलं.

दौंडच्या डायसबाईंचा पत्ता मला एका रेल्वे कर्मचाऱ्याने दिला. रेल्वे कॉलनीच्या मागे त्यांचं जुनं घर होतं. नवरा रेल्वेत इंजिनिअर होता, तो गेला. बाई गोव्याला मुलीकडे निघाल्या होत्या, आणि पलंगाखाली एक इराणी गालिचा गुंडाळून पडला होता. तो उलगडायला अंगणच लागलं. उन्हात त्याचे रंग वर आले. तांबड्या जमिनीवर निळी बुट्टी, किंवा निळ्यावर तांबडी. कुठून बघता त्यावर ते होतं.

आप्पा उभेच राहिले. मग विचारलं, "बाई, ह्यो हितल्याच बंगल्यातला का? मोठ्या सायबाच्या?"

"नाही हो. माझ्या सासऱ्यांनी क्वेट्ट्याहून आणला. नोकरीला होते तिकडे."

त्यांना ते आवडलं नाही. तरी ते गुडघ्यांवर गेले. बाई पायरीवर बसून बघत होत्या. रांगण्याची दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही गालिचा घ्यायला आलात की मेंढी?"

"मेंढी लवकर कळती," आप्पा म्हणाले.

खोट सापडली. एका टोकाकडचा तांबडा दुसऱ्या टोकापेक्षा गडद होता. मध्येच एका रेघेत रंग बदलला होता.

"विणणाऱ्याची ती लोकर संपली असेल," बाई म्हणाल्या. "माणूस होता, मशीन नव्हतं."

"मग दुसरी तशी मिळंस्तवर थांबायचं. घाई हुती का त्येला?"

आम्ही परत निघालो. भीमेच्या पुलावर मी त्यांना स्पष्ट सांगितलं की यापुढे मी कुठेही येणार नाही. आप्पा नदीकडे बघत म्हणाले, "दादाला रंगातला फरक लगीच दिसंल." मी म्हणालो, "दादांना आता काय काय दिसतं, ते एकदा विचारून घ्या." जाताजाता त्यांनी छपराकडे गाडी वळवायला सांगितली.

धुळादादा बाजेवर बसले होते. आमची चाहूल लागल्यावर उठले, आणि उठताना बाजेला टेकवलेली काठी चाचपडून घेतली. काठी नवी होती. मेंढरांमागे न्यायची नव्हे, म्हाताऱ्याने धरायची. आप्पांनी ती पाहिली. "कवापासनं?" त्यांनी विचारलं. "झाली की," दादा म्हणाले. "चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा संदीपची गाडी घेऊन स्वतः डायसबाईंकडे गेले. गालिचा अजून होता. एवढा मोठा हॉल दौंडमध्ये कुणाकडे नव्हता.

तो आला त्या दिवशी आप्पांनी फोन करून मला बोलावून घेतलं. आलेल्या माणसांनी सोफा बाहेर काढला, गालिचा भिंतीला भिंत लावून अंथरला. उंबऱ्यापासून देवघराच्या पायरीपर्यंत फरशी दिसेनाशी झाली. आप्पा आत गेले, देवापुढची वाटी घेऊन आले आणि घरात नवं घोंगडं आल्यावर करतात तसं चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर भंडारा टाकला. मग डोकं टेकलं.

"आप्पा, हळद आहे ती," वैशाली कळवळून म्हणाली. "डाग जाणार नाही."

"कशाला जावा?"

मीही तिथेच होतो. वैशालीला डागाची काळजी होती, संदीपला सोफा कुठे ठेवायचा याची. आपण काय केलं, हे आप्पांच्याही ध्यानात आलं नाही.

चंपाषष्ठीला धुळादादा आले. पोर्चमध्ये जीपमधून उतरले, चपला काढल्या, पाय धुतले, आणि बजावून सांगितल्यासारखे ते कोरडे पुसले. भावकीची माणसं मागे उभी होती. आप्पा आत, गालिच्यावर, देवघराशी उभे. त्यांनी दाढी केली होती.

दादा उंबऱ्याशी आले. खाली बघितलं आणि थांबले.

"ये की," आप्पा म्हणाले.

"भंडारा पडलाय बिरू."

"म्याच टाकलाय."

"मग आता ह्येला पाय कसा लावू?"

भंडारा टाकलेली लोकर म्हणजे आसन. त्यावर बसतात, तुडवत नाहीत. हे त्या घराण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इतके दिवस सून-नातवंडं त्यावरून फिरत होती, पण गालिचा हीही लोकरच, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आप्पांनी पायाखाली पाहिलं. ते स्वतः त्या लोकरीवरच उभे होते. ते एकदम बाजूला झाले, पण जायला जागाच नव्हती. सगळीकडे गालिचा होता.

"तुडव दादा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "तुडवायलाच आनलाय. इतकी वर्सं तुझ्यासाठनं हिंडलोय मी. तुडव."

"लोकरीवर पाय दिऊन द्येवाकडं जाऊ व्हय?"

मागे भावकीतलं कुणी तरी म्हणालं, पोर्चमध्येच उचलू तळी. आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

मग दादाच म्हणाले, "ती कड दुमडा." संदीप आणि आणखी दोघांनी भिंतीलगतची कड उचलून आत दुमडली. दारापासून देवघरापर्यंत माणूस जाईल एवढा पांढऱ्या फरशीचा पट्टा उघडा पडला. पंखा त्यात दिसू लागला.

धुळादादा त्या फरशीवरून गेले. एक हात भिंतीवर, एका हातात काठी. काठीचं टोक फरशीवर ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी ती काखेत मारली. आप्पांनी हात पुढे केला. "सोड," दादा म्हणाले. त्यांचा पाय एकदा सरकला. भिंतीवरचा फोटोचा खिळा त्यांच्या हाताला आला म्हणून ते सावरले. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. कुणी हललंही नाही.

देवापुढे पोचल्यावर ते गालिच्याच्या काठावर बसले. तळी उचलली गेली. पहिला हात त्यांचा होता. येळकोट झाला. मग त्यांनी तळहात लोकरीवर ठेवला आणि पुढेमागे फिरवला.

"त्योच व्हय?"

"न्हाई. पर तसाच हाय."

"त्यो निळा हुता."

"तांबडा हुता, दादा. ह्यो बघ की. ह्यो बी तांबडाच हाय."

दादांनी डोळे बारीक करून बघितलं. "निळाच हाय की ह्यो," ते म्हणाले. रंग बदललेल्या रेघेवर त्यांचा हात होता. ती त्यांना दिसली नाही.

परतताना पुन्हा तोच पट्टा. या वेळी जास्त वेळ लागला. पोर्चमध्ये चपला घालताना आप्पांनी विचारलं, "पुढच्या सालाला येशील न्हवं?"

"यीन की," दादा म्हणाले. "पर फरशी तीच हाय, बिरू."

त्यानंतर एकदा निमोण्यावरून जाताना मी बंगल्याशी थांबलो. आतून ठणठण आवाज येत होता. गालिचा अजून तसाच, एका कडेने दुमडलेला, वर प्लॅस्टिकचा कागद. दुमडलेल्या कडेखाली त्याची सगळ्यात चांगली वेलबुट्टी झाकली गेली होती. उघड्या पट्ट्यावर एक पाथरवट बसला होता. पाट्याला, जात्याला टाकी लावत गावोगाव फिरणारा माणूस. तो छिन्नी-हातोडीने संदीपची फरशी टाचत होता, पाटा टाचतात तशी. दारापासून निम्म्यापर्यंत काम झालं होतं. चकाकी जाऊन फरशी खरबरीत, करडी दिसत होती. काही फरशा मधून तडकल्या होत्या.

संदीप पोर्चमध्ये तोंड फिरवून उभा होता. "हे आधीच करता आलं असतं," तो म्हणाला. "गालिचा न आणता."

आप्पा पाथरवटाशेजारी उकिडवे बसले होते. टोपीवर, भुवयांवर पांढरी धूळ. आणखी एक फरशी कडकन गेली. पाथरवटाने हात थांबवला.

"मालक, ही फुटली. जपून करतो, जरा टाइम लागंल."

"फुटू दे," आप्पा म्हणाले. "हात उचल. घाई हाय."

मग ते उठले, चपला काढल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले. डोळे मिटले. एक हात भिंतीला लावला, पाठीत वाकले, आणि थोरल्या भावाच्या चालीने टाचलेल्या फरशीवरून सावकाश पाय टाकत देवघराकडे निघाले. जिथे खरबरीत भाग संपला तिथे पायाचा अंगठा पुढे करून त्यांनी गुळगुळीत फरशी चाचपली, डोळे न उघडता पाथरवटाला बोटाने जागा दाखवली आणि तिथेच थांबून राहिले.